देवीच्या वरचा टीव्ही

पाथर्डीत शेवगाव रस्त्याच्या आतल्या गल्लीत आदिनाथ लग्नाचे व्हिडिओ करायचा. गल्लीत त्याला मान होता, पण तो कॅमेऱ्यामुळे नव्हे. कॅमेरे काय, हल्ली वऱ्हाडापेक्षा जास्त असतात. आदिनाथला मान होता तो त्याच्या गप्प बसण्यामुळे. लग्नात माणसं काय काय करतात हे देव बघतो आणि कॅमेरा बघतो. देव कुणाला सांगत नाही, आणि आदिनाथही सांगत नसे. त्याचा सगळा धंदा या एका गुणावर उभा होता. हा गुण गेला, तर दुसऱ्या दिवशी गल्ली शेवगावचा फोटोवाला बोलावील, हे तो पक्कं जाणून होता.

त्याची बायको सत्यशीला. ती नावाप्रमाणेच आहे, असं ती स्वतः सांगायची, म्हणजे खरंच असणार. सोमवार शंकराचा, गुरुवार देवीचा, चतुर्थी गणपतीची, एकादशी विठ्ठलाची. उरलेल्या दिवशी ती इतरांच्या उपासावर लक्ष ठेवी. आदिनाथनं एकदा गुरुवारी स्टँडवर मिसळ खाल्ली होती. ती बातमी त्याच्या आधी घरी पोचली आणि त्यानंतर कित्येक गुरुवार त्याच्या ताटात मुगाची खिचडी आणि एक दीर्घ सुस्कारा वाढला गेला.

तर घरात मागची एक खोली होती. तिथं आदिनाथ लॅपटॉपवर काम करी. पण लॅपटॉपवर नवरी सावळी दिसते, अशी सगळ्या नवऱ्यांच्या आयांची तक्रार असे. म्हणून त्यानं भिंतीला भोक पाडून एक लांबलचक केबल बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या टीव्हीला जोडली होती. लॅपटॉपवर कामाचा पसारा राही आणि टीव्हीवर फक्त चित्र, पडदा भरून. आवाज मात्र त्याच्या कानातल्या हेडफोनमध्ये. गिऱ्हाईक सोफ्यावर बसे, चहा पिई, नवरी गोरी आहे याची खात्री करून घेई आणि मग आदिनाथनं हेडफोन काढला की आवाजासकट बघून समाधानानं घरी जाई.

कडूबाईच्या दिपालीचं लग्न नुकतंच झालं होतं. गुरुवारी संध्याकाळी दिपालीच्या सासरची माणसं व्हिडिओ बघायला येणार होती. आदिनाथचं काम जवळजवळ झालंही होतं. फक्त एक गोष्ट उरली होती. तो त्याला 'काढायचं' म्हणे.

लग्न झाल्यावर आठवडाभर गल्लीतली एकेक बाई पदर सावरत, इकडंतिकडं बघत त्याच्याकडे येऊन गेली होती.

"भाऊजी, ते आहेराच्या वेळचं, मी कोपऱ्यात जरा साडीची चिठ्ठी बदलत व्हते," भागिरथी म्हणाली होती. "तेवढं काढून टाका. उगी कुनी काय समजायचं."

"लेकरा," भागिरथीची सासू लंकाबाई म्हणाली होती, "वरातीत मला लोकांनी वढलं. मी काय नाचनारी हाय का? पर तू ते काढ. सुनंला दिसलं तर उद्यापासून मलाच पानी भरायला लावंल."

आणि खुद्द नवरीची आई कडूबाई. "भाऊ, पाठवणीचं रडनं एकच ठेवा. चांगलंवालं. आधीचे दोन नका ठेवू."

तिघींनाही आदिनाथनं एकच उत्तर दिलं होतं, "काळजीच करू नका. जिवंत माणसाच्या नजरेला पडणार नाही."

पण कापलेलं टाकण्याआधी एकदा डोळ्यांखालून घालायचं, ही त्याची शिस्त होती. कचऱ्यात नवऱ्याच्या मामाचा फेटा गेला, म्हणून एकदा दोन घरांत अबोला झाला होता. त्यामुळं सगळं 'काढायचं' त्यानं एका रांगेत लावून ठेवलं होतं. गुरुवारी दुपारी शांतपणे बघू आणि टाकू, असं त्यानं ठरवलं.

गुरुवारी दुपारी घरात मार्गशीर्षाची पूजा होती.

"टीव्ही काढा तिथनं," सत्यशीला सकाळीच म्हणाली. "ईशान्येला देवी मांडायची आहे. देवीच्या डोक्यावर टीव्ही शोभतो का?"

"अगं, संध्याकाळी पाहुणे यायचेत. एकदा काढला की पुन्हा केबल बसत नाही नीट."

"मग आज त्याला हात लावायचा नाही. आणि बाया असेपर्यंत तुम्ही बाहेर यायचं नाही. आरतीला या."

"बरं. टीव्ही बंदच राहील ना?"

"आरतीपर्यंत बंदच," सत्यशीला म्हणाली. खरं तर तिनं आरती लावण्यासाठी सकाळी रिमोटची बरीच बटणं दाबून पाहिली होती. टीव्ही काळा झाला, म्हणजे बंद झाला, असं तिनं धरलं. तो फक्त केबलवरून चित्र यायची वाट बघत होता.

टीव्हीखाली चौरंग मांडला. कलश, नारळ, देवीचा मुखवटा, पाच फळं. देवीला वरच्या टीव्हीचं वाईट वाटू नये म्हणून टीव्हीच्या कडेला झेंडूचं तोरणही बांधलं. आरतीच्या वेळी शोधाशोध नको म्हणून रिमोट चौरंगावरच, नारळाशेजारी ठेवला. पूजा सुरू झाली तेव्हा लंकाबाईंनी हळदकुंकू वाहिलं. त्यांना जवळचं नीट दिसत नाही. त्यांनी देवीला वाहिलं, सुपारीला वाहिलं आणि रिमोटलाही वाहिलं. रिमोट देवाचा झाला.

लंकाबाई खुर्चीवर बसल्या, कारण त्यांचे गुडघे. त्या गुडघ्यांची कीर्ती अहिल्यानगरच्या डॉक्टरपर्यंत गेलेली. भागिरथी सासूच्या पायाशी बसली. कडूबाई मधोमध बसली. नवरीची आई असल्याचा मान अजून अंगावर ओला होता. शिवाय आणखी चार-पाच जणी होत्या.

सत्यशीला चौरंगाच्या बाजूला बायांकडे तोंड करून बसली. टीव्ही तिच्या पाठीशी, डोक्याच्या वर. तिनं पोथीला नमस्कार केला आणि मऊ आवाजात नियम सांगितले. ते सगळ्यांना पाठ होते.

"पोथी चालू असताना कुणी उठायचं नाही. बोलायचं नाही. मनात राग आणायचा नाही. मांडलेलं काही हलवायचं नाही. मागच्या वर्षी एकजण कुकरची शिट्टी झाली म्हणून उठली. मी काही बोलले नाही. पण तिच्या घरचं दूध महिनाभर नासत होतं."

ती एकजण समोरच बसली होती. तिनं मान खाली घातली.

पोथी सुरू झाली. दरवर्षी पोथी सुरू झाली की पहिल्या पानावर जांभया येत, दुसऱ्यावर एकीची मान दुसरीच्या खांद्यावर पडे आणि तिसऱ्यापासून सत्यशीला फक्त देवीसाठी वाचत असे. आतल्या खोलीत त्याच सुमाराला आदिनाथनं हेडफोन कानाला लावला आणि 'काढायचं' सुरू केलं.

सत्यशीला वाचत होती, "एका नगरात एक वाणीण राहत होती. तिला देवीनं वाण दिलं आणि सांगितलं, बाई गं, मिळालेलं स्वतःजवळ दडवू नकोस. दुसऱ्या सवाष्णीला दे."

तिच्या डोक्यावर, झेंडूच्या तोरणात, भागिरथी मांडवाच्या कोपऱ्यात पाठमोरी बसली होती. मांडीवर पोपटी साडी, तिला राणी रंगाचे काठ. भागिरथी नखानं पाकिटावरची चिठ्ठी खरवडत होती. खरवडून झाल्यावर तिनं थुंकी लावून स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. कॅमेऱ्यानं जवळ जाऊन दाखवलं. खालच्या जुन्या चिठ्ठीवरचं 'कडूबाई' हे नाव काही केल्या निघत नव्हतं.

समोर कडूबाईचे डोळे मोठे झाले. ही साडी तिनंच भागिरथीच्या वास्तुशांतीला दिली होती. सत्यशीलानं मान वर करून पाहिलं, तर बाया हात जोडून वर बघत होत्या. एकही जांभई नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाणाचा महिमा कुणाला तरी कळला होता.

कडूबाईनं हळूच भागिरथीकडे मान वळवली. भागिरथीनं डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांनी ती देवीला जे सांगत होती ते पोथीत नव्हतं.

"...वाणीण म्हणाली, माते, माझी सासू पांगळी आहे. देवी हसली. आणि देवीच्या कृपेनं ती म्हातारी उठली, चालू लागली!"

टीव्हीवर वरात होती. डीजेच्या गाडीपुढं लंकाबाई. कमरेला पदर खोचलेला, हातात कुणाचा तरी टॉवेल, आणि तो डोक्यावर गरगर फिरवत त्या अशा काही गिरक्या घेत होत्या की नवऱ्याचे मित्र दमून बाजूला झाले होते. मग त्या खाली बसून उठल्या. पुन्हा बसून उठल्या.

भागिरथीनं डोळे उघडले होते. तिनं टीव्हीकडे पाहिलं. मग शेजारच्या खुर्चीकडे. मग खुर्चीत विसावलेल्या त्या दोन आजारी गुडघ्यांकडे, ज्यांना रोज रात्री तिनं तेल चोळलं होतं.

लंकाबाई खोकल्या. जोरात खोकल्या. पोथी थांबेना. त्यांनी बोटानं टीव्ही दाखवला.

सत्यशीलाला भरून आलं. पांगळ्या म्हातारीची कथा ऐकून लंकाबाईंना देवीच दिसत असणार. तिनं डोळे पुसले आणि ते वाक्य पुन्हा एकदा, सावकाश वाचलं. "ती म्हातारी उठली... चालू लागली!" आदिनाथलाही तो भाग आवडला असावा, कारण त्यानं तो मागं नेऊन पुन्हा लावला.

आता कडूबाईचा धीर सुटला. रांगेत पुढं काय असणार हे तिला कळलं होतं. तिनं बसल्या जागेवरून चौरंगाकडे सरकायला सुरुवात केली. बसूनच सरकली, म्हणजे उठल्याचं पाप लागत नाही. हात लांब करून रिमोटपर्यंत पोचलीही. पण रिमोटवर हळदकुंकू होतं, एक फूलही होतं. कडूबाईचा हात हवेत थांबला. घरात नुकतंच लग्न झालेलं, पोरगी नव्या सासरी, आणि देवीपुढचं हलवायचं? तिनं हात तसाच पुढं नेऊन रिमोटला नमस्कार केला आणि मागं सरकली.

"...लेकीला निरोप देताना," सत्यशीला वाचत होती, "त्या माउलीच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा लागल्या."

टीव्हीवर धारा लागल्या. कडूबाई दिपालीच्या गळ्यात पडून रडत होती. एकाएकी ती थांबली, डोळे पुसले आणि कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी विचारलं. उत्तर मनासारखं आलं नसावं. तिनं पदर डाव्या खांद्यावरून नीट केला, दिपालीला सरकवून उजेडात आणलं, नवऱ्या मुलाला मागं व्हायला सांगितलं आणि पुन्हा गळ्यात पडली. पुन्हा धारा. पुन्हा थांबली. या खेपेला दिपालीचा मेकअप बघितला.

हे रडणं गल्लीत गाजलं होतं. 'आई असावी तर अशी' म्हणून मागच्या आळीतल्या बायांनीही डोळ्यांना पदर लावला होता. त्यातल्या दोघी आता इथंच बसल्या होत्या आणि त्यांना आपला पदर फुकट ओला केल्याचं दुःख होत होतं.

भागिरथी आणि कडूबाईची नजरानजर झाली. साडी एका पारड्यात, रडणं दुसऱ्यात. लंकाबाई तिसरीकडेच, छताकडे बघत होत्या. मनात राग आणायचा नाही हा नियम होता, म्हणून तिघींनी तो तोंडावरच ठेवला.

सत्यशीला शेवटच्या पानावर आली. तिचा आवाज भिजला होता. असं वाचन, अशी श्रोतृमंडळी! आपल्या उपासांचं तेज आता लोकांनाही जाणवायला लागलं, असं तिला वाटून गेलं. तिनं लगेच गर्व नको म्हणून कानाला हात लावला.

"तेव्हा बायांनो, मनात कपट ठेवून व्रत करू नये. कारण देवी वरून सगळं पाहत असते."

टीव्हीवर ड्रोन उडाला.

हे काढायला कुणी सांगितलं नव्हतं. आदिनाथनं ते आजवर पाहिलंही नव्हतं. मांडवावरून एक सुंदर चक्कर मारून ड्रोन मागं आचाऱ्याच्या भट्टीवर गेला होता म्हणून त्यानं तो तुकडा पुढचं न बघताच 'काढायचं'मध्ये टाकला होता. भट्ट्या, कढया, पाण्याची टाकी. टाकीमागं एक बाई एकटीच बसलेली. मांडीवर जिलब्यांची परात.

चित्र थांबलं. मग मोठं झालं. मग आणखी मोठं झालं.

ड्रोनच्या आवाजानं त्या बाईनं तोंड वर केलं होतं. दोन्ही गाल फुगलेले, ओठांतून अर्धी जिलबी बाहेर, आणि डोळे आभाळाकडे लागलेले. अगदी देवाला आळवावं तसे. झेंडूच्या तोरणात ती मुद्रा फार शोभून दिसत होती.

बायांच्या तोंडून एकदम "अगं बाई!" निघालं.

"समजलं ना?" सत्यशीला हळुवारपणे म्हणाली. "सगळं पाहते ती." तिनं पोथी मिटली, नमस्कार केला, आरतीचं ताट उचललं आणि वळली.

वर तीच होती, जिलबीसकट. निरांजन तेवढं हलत होतं.

मग लंकाबाई खुर्चीतून उठल्या. टुणकन उठल्या, आता लपवायचं काही उरलं नव्हतं. त्यांनी पडद्याकडे निरखून पाहिलं. लांबचं त्यांना स्वच्छ दिसतं.

"सत्यशीला, दिपालीच्या लग्नाला वार कोनता व्हता गं?"

आज खोटं बोलायचं नव्हतं. सत्यशीला म्हणाली, "गुरुवार."

"मला वाटलंच. जिलब्या लई छान झाल्त्या त्या दिशी."

सत्यशीलाचा हात आपोआप रिमोटकडे गेला.

"अहं!" लंकाबाई म्हणाल्या. "मांडलेलं हलवायचं न्हाई. तूच सांगितलंस न्हवं? दूध नासतं म्हनं."

कुकरवाली बाई पहिल्यांदाच हसली.

"चला, आरती म्हना," कडूबाई म्हणाली. "उशीर नको देवीला."

आरती झाली. ताट ओवाळताना सत्यशीला ते शक्य तितकं खाली धरत होती, पण ओवाळायचं म्हणजे वर न्यावंच लागतं, आणि वर नेलं की निरांजनाचा उजेड थेट जिलबीवर पडे. आरतीचा आवाज ऐकून आदिनाथ ठरल्याप्रमाणे घंटी घेऊन बाहेर आला. त्यानं देवीला नमस्कार केला, मान वर केली, आणि घंटी वाजायची थांबली.

त्याच्या डोळ्यांपुढं शेवगावचा फोटोवाला उभा राहिला.

"किती... किती बघितलं?" त्यानं विचारलं.

"समदं," भागिरथी म्हणाली. "आत्याबाईंचा नाच दोनदा."

"काकू, वहिनी, मी आत्ताच्या आत्ता टाकतो. सगळं पुसून टाकतो. देवीशपथ!"

"थांबा भाऊ!" कडूबाई घाईनं म्हणाली. "माझं तेवढं टाका. बाकीच्यांचं राहू द्या की. चांगलं आलंय."

"व्हय, भाऊजी," भागिरथी म्हणाली. "आत्याबाईंचं तर मला मोबाईलवर पाठवा. रोज तेल लावताना बघीन."

"पाठव की," लंकाबाई म्हणाल्या. "मग साडीचं मला पाठव. लेकाला दाखवते, बायकोनं कसं घर सांभाळलं त्ये."

"आणि जिलबीचं?" कुकरवालीनं विचारलं.

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. प्रत्येकीच्या लक्षात एकाच वेळी आलं की कुणीही तोंड उघडलं तर दुसरीही उघडणार. कुकरवालीचं काही नव्हतं, पण तिचं लग्नाच्या वयाचं पोरगं होतं आणि त्याचाही व्हिडिओ याच घरात होणार होता.

"कशाची जिलबी?" लंकाबाई सावकाश म्हणाल्या. "आमी तर पोथी ऐकत व्हतो."

"व्हय बाई," कडूबाई म्हणाली. "काय पोथी वाचली सत्यशीलानं! डोळ्यांपुढं उभं केलं."

संध्याकाळी दिपालीच्या सासरच्यांनी व्हिडिओ पाहिला. त्यात कडूबाई एकदाच रडली, साडी चिठ्ठीसकट दिली गेली, आणि लंकाबाई खुर्चीवर बसून अक्षता टाकत होत्या. विहीणबाई म्हणाल्या, "किती साधी माणसं!" आणि दुसऱ्यांदा चहा मागितला.

गल्लीतून एक शब्दही बाहेर गेला नाही. आदिनाथचा धंदा बसला नाही. उलट त्या मोसमात गल्लीतल्या प्रत्येक घरानं त्यालाच बोलावलं. अट एकच होती, ती बाया वेगवेगळ्या येऊन हळूच सांगून गेल्या, "ड्रोन नको." आदिनाथ पुढच्या बुधवारी स्टँडवरून जिलबी घेऊन आला. कागदाचा पुडा त्यानं बायकोपुढं ठेवला आणि गुरुवारी सकाळी कुणालाही न विचारता मिसळ खाऊन आला. त्या दिवशी खिचडीही नव्हती आणि सुस्काराही नव्हता.

मार्गशीर्षाच्या शेवटच्या गुरुवारी बाया वेळेआधी आल्या. इतक्या आल्या की सतरंजी पुरेना. सगळ्या देवीसमोर बसल्या आणि देवीच्या वर बघू लागल्या. कडूबाईनं ओटी भरताना सत्यशीलाला एक साडी दिली. पोपटी, राणी रंगाचे काठ. या खेपेला तिच्यावर कुणाचीच चिठ्ठी नव्हती. भागिरथी ती ओळखून खाली बघत राहिली. सत्यशीलानंही ती ओळखली. तिनं ती उलगडली, कपाळाला लावली आणि टीव्हीवर घालून चारी बाजूंनी नीट खोचून टाकली.

समोरून एक निराश सुस्कारा आला. दुसऱ्या पानावर जांभया आल्या, तिसऱ्यावर कुकरवालीची मान भागिरथीच्या खांद्यावर पडली. सगळं पूर्वीसारखं झालं. सत्यशीला वाचत राहिली, देवीसाठी.

"कारण देवी वरून सगळं..."

तिथं तिचा आवाज अडखळला. तिनं पोथीतून मान काढली आणि हळूच वर पाहिलं. वर नुसता पंखा होता, थंडीमुळं बंद. तरी पुढचं वाक्य वाचण्याआधी ती थोडा वेळ कान देऊन बसली, काही घोंगावतंय का ते ऐकत.